विकतची डबी आणि क्लेमची पेटी

पीटरबरो
सोमवार, ९ सप्टेंबर

प्रिय ग्रँट,

काल दुपारी तुझी गाडी गव्हाच्या कोठारांपाशी वळून दिसेनाशी झाली, तरी मी फाटकाशी उभीच होते. चार दिवस तू इथे होतास. मागचं दार बसवलंस, रंगवलंस, छपराच्या पन्हळीतली पानं काढलीस, माझ्याशी दोनदा भांडलास आणि तीनदा माझ्या हातची मांस-सलगम भरलेली पेस्टी खाल्लीस. एवढं सगळं झालं, पण बोलायचं ते राहूनच गेलं. फोनवर ते मला जमायचं नाही. फोनवर तू नुसता "हो आई, हो आई" करतोस आणि मी पावसापाण्यावर घसरते. म्हणून कागद घेऊन बसले आहे. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या मनात काय आलं असेल तेही मला ठाऊक आहे: ह्या बाईने आता आणखी काय शोधून काढलं? संशयी स्वभाव तू माझ्याकडूनच घेतला आहेस, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.

लग्नाआधी मी टेलिफोन एक्स्चेंजात बसायचे तेव्हाच्या गोष्टी तू लहानपणी पुष्कळ ऐकल्यास. समोर भोकाभोकांची पाटी, कानाला यंत्र, ह्याची दोरी काढून त्याच्या भोकात घालायची. पण एक गोष्ट मी तुला सांगितली नाही, तुझ्या बाबांनाही कधी सांगितली नाही. आम्ही ऐकायचो. नियम असा होता की जोडणी झाली की कळ वर करायची आणि बाजूला व्हायचं. आम्ही कळ वर करायचो, पण अगदी सावकाश. कुणाचं कुणाशी जमतंय, कुणाच्या घरी डॉक्टर आठवड्यात दोनदा गेला, कोण मेंढ्या विकून गाव सोडायच्या बेतात आहे, सगळं आम्हा तिघी मुलींना गावाच्या आधी कळायचं. तेव्हा मधे बसलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं हे मला कुणी शिकवायला नको. ईस्टरला तू ती काळी डबी टीव्हीच्या मागे खोचलीस, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न तोच आला. हिच्या मधे कोण बसलंय?

तू किती खुशीत होतास. "आई, हे सगळं आयतं आहे. खटपट नाही, काही नाही. ह्या रिमोटमधे नुसतं बोल, जे हवं ते समोर येईल." मी म्हटलं, "म्हणजे हा ऐकतो?" तू म्हणालास, "बटण दाबलं तरच." मी म्हटलं, "आणि एरवी ऐकत नाही हे कुणी सांगितलं?" "खोक्यावर लिहिलंय गं!" खोक्यावर तर एक बाईसुद्धा होती, पांढऱ्या सोफ्यावर बसून मोठ्याने हसणारी. तिच्यावरही माझा विश्वास बसला नव्हता. खातं तू तुझ्याच नावाने उघडलंस, पासवर्डही तूच घातलास, "तुला लक्षात ठेवायला नको" म्हणून. तेव्हा मला ते बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिले दोन महिने ती डबी मला आवडली. घोड्यांचे जुने सिनेमे, बागांचे कार्यक्रम, त्या स्कॉटलंडच्या दीपगृहातल्या बाईची मालिका, दाबलं की हजर. फक्त झोपायला जाताना रिमोट मी किटलीच्या लोकरी टोपीखाली झाकून ठेवायचे. शेजारचा क्लेम ते बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. "वर्ना, त्याला थंडी वाजते का गं?" मी त्याला सांगितलं, "परवा तुझ्याशी गुडघ्याबद्दल बोलले आणि काल लगेच गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात आली." तो म्हणाला, "अगं, पंचाहत्तरीच्या पुढच्या बाईला दुसरी कसली जाहिरात दाखवणार? सर्फिंगची?" ते मला पटलं, पण अर्धंच.

मग जूनमधे एका मंगळवारी सकाळी तुझा फोन आला. इकडचं तिकडचं बोललास आणि सहज म्हणालास, "काय गं, त्या दीपगृहवाल्या बाईचं पुढे काय झालं?" ग्रँट, त्या बाईबद्दल मी तुला एक अक्षर बोलले नव्हते. आदल्याच दिवशी ती मालिका मी सुरू केली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सापळा लावला. ती कुस्ती असते ना, ज्यात चकचकीत चड्ड्या घातलेले आडदांड पुरुष एकमेकांच्या अंगावर खुर्च्या फेकतात, तिचे तीन भाग मी लागोपाठ चालू ठेवले, आवाज पूर्ण बंद करून, आणि स्वतः बाहेर चादरी वाळत घालायला गेले. रविवारी तुझा फोन. "आई, तुला कुस्ती कधीपासून आवडायला लागली?" खातं तुझ्या नावावर, म्हणजे मी काय लावते ते तुला तिकडे तुझ्या फोनवर दिसत होतं. इतक्या सरळ सापडशील असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यातला तो लाल चड्डीवाला बरा आहे," आणि विषय बदलला.

तेव्हाच तुला का विचारलं नाही, असं तू परवा मला विचारत होतास. नीट उत्तर दिलं नाही, ते आता देते. डबीबरोबर तू ईस्टरला गॉलरच्या त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीचं पत्रकही आणलं होतंस. फ्रीजवर लोहचुंबकाने लावून गेलास. फोटोत सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत हिरवळीवर गोळे लोटत होती आणि दात दाखवत होती. मी दोन आणि दोन चार केले. मला वाटलं, पोरगा पुरावा गोळा करतोय. आई दुपारी दोन दोन तास टीव्हीसमोर डुलक्या काढते, एकच भाग तीनदा लावते, आता ही एकटी राहायच्या लायक नाही, असं एक दिवस माझ्यासमोर मांडशील. मग मी तुला दाखवायला म्हणून टीव्ही लावू लागले. रोज सकाळी साडेसातला बातम्या, एक मिनिट इकडे तिकडे नाही. त्यानंतर काहीतरी शहाणपणाचं, नद्यांवरचं किंवा जुन्या पुलांवरचं. दुपारी डुलकी लागायच्या आधी आठवणीने बंद. दीपगृहवाली बाई मी अर्ध्यावर सोडली, कारण तिने त्या नावाड्याशी चोरून सूत जमवलं होतं, आणि आई असलं बघते हे तुला कळायला नको होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, मी परीक्षेला बसल्यासारखी बसत होते.

आता जे सांगणार आहे ते वाचून लगेच गाडीची किल्ली शोधू नकोस. जुलैमधे एका बुधवारी मी पडले. धुण्याच्या खोलीत, फरशी ओली होती आणि पायात बाबांच्या जुन्या सपाता होत्या. डाव्या कुशीवर पडले. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. दीड तास मी तिथे त्या थंडगार फरशीवर पडून होते. मोबाईल पर्समधे, पर्स पलंगावर. आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, ग्रँट. रोमन लोकांनी रस्ते कसे बांधले ते एक माणूस सांगत होता, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. शेवटी कपड्यांच्या मशिनला धरून धरून उभी राहिले आणि भिंतीच्या आधाराने बाहेर आले, तर टीव्ही गप्प झाला होता आणि पडद्यावर प्रश्न होता: तुम्ही अजून पाहत आहात का? मी त्याला जे उत्तर दिलं ते ह्या पत्रात लिहिता येत नाही. त्या रविवारी तू फोनवर म्हणालास, "बुधवारी मजेत होतीस वाटतं, रोमन लोक बघत होतीस." मी हो म्हटलं. फक्त क्लेमला सांगितलं, तेही तो मला लंगडताना बघून खनपटीलाच बसला म्हणून. बाकीच्यांना काळेनिळे डाग दिसू नयेत म्हणून महिनाभर लांब झगे घालून फिरले.

त्यानंतर मीच क्लेमला म्हटलं, "मला ती डबी नको. तू काहीतरी करून दे." तू त्याच्यावर जे जे आरोप केलेस त्यातला पहिला इथेच खोडून टाकते: तो माझ्या घरात आपण होऊन शिरला नाही, मी त्याला बोलावलं. तुझ्या बाबांबरोबर तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला माणूस आहे तो. त्याची बायको जॉयस गेल्यापासून त्याच्या शेडमधल्या टेबलावर नुसती धूळ बसत होती. त्याने पोस्टाने एक हिरवी पाटी मागवली, पत्त्यांच्या जोडाएवढी. तिच्यावर सगळा संगणक असतो म्हणे. नखाएवढ्या कार्डावर फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला. माझ्या कपाटातल्या सिनेमांच्या सगळ्या डीव्हीडी एका हार्ड डिस्कवर चढवल्या, त्यात पंधरा दिवस गेले. मग पेटी. पहिल्यांदा त्याने ते सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, अगदी भोकंबिकं पाडून, सुबक. आणि चालेचना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं, पत्र्यातून वायफाय आत शिरत नाही. तीस वर्षं सिग्नलच्या खात्यात काढलेल्या माणसाने सिग्नलच डब्यात कोंडला, ह्यावरून मी त्याला अजून चिडवते. मग लाकडी पेटी आणली, जॉयसची दोऱ्यांची. ती चालली, तर वीज अपुरी. त्याने जुन्या मोबाईलचा चार्जर लावला होता. ऐन गोळीबारात पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी विजेची खूण यायची आणि सगळं बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. एक सिनेमा बघायला आम्हाला चार दुपारी लागल्या.

तू म्हणालास, "आयतं मिळत असताना ही कसली हौस?" तुझं अगदीच चूक नाही. त्या पेटीला पासवर्ड माझा, ती कुणाला काही कळवत नाही, मधे जाहिरात नाही. पण फुटबॉल लागत नाही. पैसे भरून घेतलेली वाहिनी, पण ती म्हणते ह्या पेटीची मला खात्री नाही. मी म्हटलं, बघा, आता पेटीच संशयित ठरली! क्लेम शांतपणे म्हणाला, "वर्ना, दोन्ही ठेव. आयती डबी फुटबॉलला, माझी पेटी बाकी सगळ्याला. फक्त त्या डबीवरचं खातं तुझ्या नावावर करून घे, म्हणजे ग्रँटला दिसायचं बंद होईल. पण आधी त्याला सांग." शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं, हे मुद्दाम लिहिते आहे. मी ऐकलं नाही. मी चिडले होते. मागच्या रविवारी, पहिल्या तारखेला, मी ती डबी उपसून टेबलक्लॉथच्या खणात टाकली. तुला काही सांगितलं नाही. मनातल्या मनात म्हटलं, बसू दे आता काळ्या पडद्याकडे बघत.

पुढचं सगळं योगायोगाने झालं, पण दोष माझाच. घरचा फोन आता इंटरनेटच्या खोक्यातून येतो हे मी विसरले होते आणि क्लेमला ठाऊकच नव्हतं. त्याच दिवशी पेटीची तार बसवताना त्याने त्यातली फोनची तार काढली ती तशीच राहिली. मोबाईलची बॅटरी कधी संपली देव जाणे. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी क्लेमने मला पेस्टी खायला बोलावलं, म्हणजे मी त्याला शिकवलेली पेस्टी त्यानेच बिघडवून मला खाऊ घातली. आम्ही त्याच्या मागच्या पडवीत बसलो होतो. मी त्याला सांगत होते की सलगम एवढं जाड चिरायचं नसतं, तेवढ्यात माझ्या घराकडून दाणकन आवाज आला. कुंपणावरून बघते तर पोलिसांची गाडी, ॲम्ब्युलन्स, आणि कॉन्स्टेबल टीगन खांद्याने माझं मागचं दार फोडते आहे. मागे ॲम्ब्युलन्सचे दोन स्वयंसेवक, त्यातला एक आपला खाटीक, हातात स्ट्रेचर. मी हातात पेस्टी घेऊन पळत गेले. "काय चाललंय हे?" टीगन वळली, पांढरीफटक. "मिसेस नोआक! तुम्ही जिवंत आहात!" मी म्हटलं, "सकाळपासून तरी आहे. दार का फोडलंत?" ती म्हणाली, "तुमच्या मुलाचा फोन आला. तीन दिवस तुमचा टीव्ही लागला नाही म्हणाला." खाटीक म्हणाला, "वर्ना, तू धुण्याच्या खोलीत पडली असशील असं आम्ही धरूनच आलो होतो. म्हातारी माणसं तिथेच पडतात." मी त्याच्याकडे बघितलंच नाही. दीड तास पडले होते तेव्हा टीव्ही चालू होता म्हणून कुणी आलं नाही, आणि शेजारी बसून पेस्टी खात होते तेव्हा दार फोडलं. हे हसण्यासारखं आहे की रडण्यासारखं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग एक वाजता तू आलास. गाडीचं दारसुद्धा लावलं नव्हतंस. मला घट्ट धरलंस, आणि मी ठीक आहे अशी खात्री पटल्याबरोबर क्लेमवर घसरलास. ते मला पुन्हा लिहायचं नाही, पण लिहिते, कारण तू ते म्हणालास तेव्हा तुझा चेहरा मला तुझा वाटला नाही. "तुमचा इथे काय संबंध? रोज उठून इथे येता, तारा काढता, पेट्या बसवता, आईचा फोन बंद करता! काय हवंय तुम्हाला? घर?" क्लेमचा डावा कान बहिरा आहे, पण हे त्याला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, म्हणाला, "फोनची तार माझ्याकडून निघाली, ते चुकलं," आणि गेला. लग्नबिग्न काही नाही रे आमचं. एक जण चहा करतो, दुसरा त्याला नावं ठेवतो, एवढंच. तो गेल्यावर मी तुला सोडलं नाही. हेर म्हटलं, पाळत ठेवणारा म्हटलं, गॉलरचं पत्रक फाडून तुझ्यासमोर टाकलं. मग तू म्हणालास, "साडेसातला तुझा टीव्ही लागला की मला बरं वाटायचं." त्यावर मी म्हटलं, "तुला बरं वाटावं म्हणून मी झोपेतून उठायचं का?" आणि आत निघून गेले. असं बोलायला नको होतं.

त्यानंतरचे दिवस तू कामात घातलेस आणि मी तुला बघण्यात. मी बघायला लागले की काय होतं ते तू जाणतोस. गुरुवारी तू दिवसभर दार तासत होतास, तुझा फोन टेबलावर पडला होता आणि एकदाही वाजला नाही. कारखान्यात पाळीवर सतरा माणसं हाताखाली असलेल्या सुपरवायझरचा फोन. "सुट्टी मिळाली का रे?" विचारलं तर म्हणालास, "मिळाली," आणि लगेच रंगाच्या डब्याकडे वळलास. तुझ्या गाडीत मागच्या सीटवर कामाचे बूट होते, त्यांच्यावर बारीक धूळ. आणि मग त्या रात्री पलंगावर पडल्यावर मला तो जूनमधला मंगळवार आठवला. सकाळी साडेदहा. तुमच्याकडे पाळी सुरू होताना सगळ्यांचे फोन कपाटात ठेवून कुलूप लावतात, हे तूच मला कितीदा सांगितलं आहेस. मग मंगळवारी सकाळी साडेदहाला तू फोन कुठून केलास? रोज साडेसातला माझा टीव्ही लागलेला कुठून बघत होतास? इतके महिने मी तुझी चोरी पकडली म्हणून खूष होते, आणि हा एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. शुक्रवारी तू बिजागऱ्या आणायला जेम्सटाउनला गेलास, तेव्हा मी क्लेमच्या घरून तुझ्या कारखान्यात फोन केला. ग्रँटला आणखी दोन दिवस रजा मिळेल का, एवढंच विचारलं. पलीकडची बाई थोडी अडखळली आणि म्हणाली, "मिसेस नोआक, ती पाळीच बंद झाली, सगळ्यांना कमी केलं, फेब्रुवारीत. तुम्हाला माहीत नव्हतं का?" मी म्हटलं, "माहीत होतं, विसरले असेन, वय झालं," आणि फोन ठेवला. क्लेमने खुर्ची पुढे सरकवली. फेब्रुवारी, आणि डबी तू ईस्टरला आणलीस. म्हणजे पहिल्या दिवसापासून तू त्या घरात एकटा, कामावर जायचं नसताना वेळेवर उठून बसत होतास, आणि अडीचशे किलोमीटरवर कुणाचा तरी टीव्ही लागला की नाही ते बघत होतास. आणि मी त्याला हेरगिरी म्हणत होते. तू घरी आलास तेव्हा हे बोलायला शब्द जुळवत होते, पण तू दार रंगवताना शीळ घालत होतास, आणि ती मला थांबवायची नव्हती. मी पडल्याचं लपवलं, कारण तू मला इथून नेशील अशी भीती होती. ते आता तुला सांगून टाकलं आहे. तू का लपवलंस ते मी विचारणार नाही, पण आता लपवू नकोस. काळी डबी आज मी पुन्हा लावली, फुटबॉलपुरती. खातं माझ्या नावावर करून घेतलं, तेव्हा तुझ्या फोनवर आता माझं काही दिसणार नाही. क्लेमची पेटी तिच्या शेजारीच आहे. गावात आणखी चौघांना तसल्या पेट्या हव्या आहेत आणि क्लेमला बारीक स्क्रू दिसत नाहीत. तुझे डोळे चांगले आहेत. त्याच्याकडे माफी मात्र तुझी तूच मागायची, ती मी मागणार नाही. येशील तेव्हा ये, राहशील तितके दिवस राहा, खोली आवरून ठेवली आहे. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारी सकाळी साडेसातला मी तुला फोन करीन, शुक्रवारीही करीन, आणि त्यानंतर रोज. उचल. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी तुला बातम्या ऐकवीन.

तुझीच,
आई